‘सोडली’ असं कुणी कुणाला सांगितलं?

व्यसनमुक्तीच्या एखाद्या नव्या औषधाची किंवा उपक्रमाची बातमी येते, तेव्हा आकडा मथळ्यातच असतो. अमुक टक्के रुग्णांनी दारू सोडली, तमुक टक्के बायकांनी तंबाखू सोडला. वाचणारे खूश होतात, नाहीतर ‘सगळ्या थापा’ म्हणून पान उलटतात. मी मात्र बातमीच्या तळाशी एकच गोष्ट शोधते : हे विचारलं कुणी, कुठे बसून, आणि तेव्हा खोलीत आणखी कोण होतं? ते छापलेलं क्वचितच सापडतं.

माझं काम प्रश्नावल्या भरण्याचं. सातारा-सांगली भागात वेगवेगळ्या आरोग्य संशोधनांसाठी मी घरोघरी आणि दवाखान्यांतून माहिती गोळा करते. विषय रक्तदाबाचा असो, गर्भारपणाचा असो की तोंडाच्या कर्करोगाचा, फॉर्मच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर तो प्रश्न येतोच : तंबाखू, दारू किंवा नशेचा आणखी कुठला पदार्थ घेता का? गेल्या तीस दिवसांत किती वेळा? समोरचा माणूस सांगतो ते मी लिहिते. ते संगणकात जातं, तिथून तक्त्यात, तक्त्यातून शोधनिबंधात आणि कधीकधी सरकारच्या धोरणातसुद्धा. पुढचं सगळं त्या दोन मिनिटांच्या बोलण्यावर उभं असतं.

या बोलण्याबद्दल आमच्या क्षेत्रात एक समज घट्ट रुतून बसलाय : व्यसनी माणूस खोटंच बोलणार. मला तो पटत नाही. माणूस खरं सांगतो की लपवतो, हे त्याच्या स्वभावापेक्षा खऱ्या उत्तराची किंमत त्याला काय मोजावी लागणार यावर ठरतं. ती किंमत बहुतेक वेळा आम्ही विचारणारेच ठरवतो, आणि दोष मात्र उत्तर देणाऱ्याला देतो.

कोरेगाव तालुक्यातल्या एका वाडीवरचा प्रसंग सांगते. गर्भवतींच्या पाहणीचा फॉर्म होता. सून पाच महिन्यांची गरोदर, भिंतीला टेकून बसलेली. सासू दारातच बसून शेंगा फोडत होती. मी छापील प्रश्न वाचला : तंबाखूचं सेवन करता का? सून काही बोलायच्या आत सासू म्हणाली, “न्हाय बाई, आमच्यात बाया तंबाखू खात न्हाईत.” मी विचारलं, “मावशी, दात कशानं घासता?” “मिसरीनं की. सकाळच्याला, जेवणं झाल्यावर, आन् निजायच्या आधी येकदा.” बोलता बोलता तिनं कमरेची डबी काढून दाखवली. तव्यावर काळा होईस्तोवर भाजून कुटलेला तंबाखू म्हणजेच मिश्री. म्हातारीनं काही लपवलं नव्हतं. तिच्या लेखी ते दातवण होतं, आणि फॉर्मवर दातवणाचा रकानाच नव्हता.

सून तेवढा वेळ गप्प होती. मी निघाले तशी पाण्याचा हंडा उचलायच्या निमित्तानं गोठ्यापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, “ताई, मी पण लावते. उलटीसारखं व्हतं ना, मिसरी लावली की बरं वाटतं. पण लिवू नका.” मी तिला सांगितलं, फॉर्मवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. गावातल्या आशाताईला कळणार नाही, घरात तर नाहीच. मग लिहू का? तिनं थोडा विचार केला आणि मान हलवली.

त्याच सुनेची दोन उत्तरं. घरात तिच्या नावावर ‘नाही’ पडलं, गोठ्यापाशी ‘हो’. मधल्या पाच मिनिटांत तिच्या स्वभावात काही फरक पडला नव्हता. सासू ऐकण्याच्या अंतरावर नव्हती, एवढंच.

हे एका वाडीपुरतं नाही. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ६.८ टक्के स्त्रिया आणि ४४.५ टक्के पुरुष तंबाखू घेतात असं दिसलं. त्याला लागूनच २०१६-१७ मध्ये प्रौढांची तंबाखू पाहणी झाली. तिचा विषयच तंबाखू, त्यामुळे ती एकेका प्रकाराचं नाव घेऊन विचारते. तिच्यात १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा आकडा आला १४.२ टक्के आणि पुरुषांचा ४२.४. पुरुषांचे आकडे जवळजवळ सारखे, स्त्रियांचा थेट दुप्पट. यातला काही फरक वयाचा आहे. पन्नाशीपुढच्या बायका पहिल्या आकड्यात नाहीत, आणि मिश्री-तंबाखू त्यांच्यात जास्त. पण सगळा फरक वयावर ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. पुरुषानं पारावर बसून तंबाखू मळला तर कुणी वळून बघत नाही. बाईला तो पदराआड ठेवावा लागतो. जे पदराआड असतं ते आकड्यातही कमीच उतरतं.

दारूचं तर आणखी वेगळं. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. त्यानुसार दारू प्यायला परवाना लागतो. बारमध्ये बसणाऱ्या किती जणांच्या खिशात तो असतो, हे वाचकांना मी सांगायला नको. कडक दारूसाठी किमान वय २५. म्हणजे बावीस वर्षांच्या पोराला मी ‘गेल्या महिन्यात व्हिस्की किती वेळा प्यायलास?’ असं विचारते, तेव्हा मी त्याच्याकडून गुन्ह्याची कबुलीच मागत असते. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांत तर कुठल्याही वयाच्या माणसाला हे लागू. गांजाबद्दल विचारलं तर अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा आडवा येतो. नुसतं सेवन केलं तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उपचारासाठी स्वतःहून येणाऱ्या व्यसनाधीन माणसाला कलम ६४-अ खाली संरक्षण मिळू शकतं, पण माझ्यासमोर बसलेल्या ऊसतोड कामगाराला कलम ६४-अ कोण सांगणार? त्याला माझ्या गळ्यातलं ओळखपत्र आणि हातातला टॅब दिसतो. दोन्ही त्याला सरकारी वाटतात.

मोठ्या अभ्यासकांना हे ठाऊक आहे. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी देशभर केलेली नशेच्या पदार्थांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारूच्या अंदाजासाठी त्यांनी दोन लाखांहून अधिक घरं पालथी घातली. पण हेरॉइनसारख्या बेकायदा नशेसाठी घरात जाऊन विचारण्यावर ते विसंबले नाहीत. व्यसनी माणसांच्याच ओळखीतून साखळीनं पुढे जात ७२ हजारांवर माणसांपर्यंत ते पोचले आणि त्यावरून अंदाज बांधला. घरच्यांसमोर कुणी ‘मी गर्द ओढतो’ म्हणणार नाही, हे गृहीत धरूनच त्यांनी आखणी केली. ही समज छोट्या संशोधनांत मात्र क्वचित दिसते.

व्यसनमुक्तीच्या बाह्यरुग्ण विभागात बघा. साखर कारखान्यातला एक फिटर तीन महिन्यांनी तपासणीला आला. शेजारी बायको. समोर समुपदेशक, ज्यांनी त्याच्यावर तीन महिने मेहनत घेतली, ज्यांना तो ‘सर’ म्हणतो. फॉर्म हातात घेऊन सरच विचारतात, “काय मग, सोडली ना?” या प्रश्नाला ‘नाही सर’ म्हणायला फार मोठी छाती लागते. हाताला कंप, डोळ्यांत लाली, आणि कागदावर ‘पूर्ण बंद’. सरांना वाईट वाटू नये, बायकोनं घरी जाऊन भांडू नये, पुढच्या वेळची औषधं बंद होऊ नयेत, अशी त्या उत्तराला तीन-तीन कारणं असतात. त्यात नशेचा वाटा सगळ्यात कमी.

बाहेरच्या देशांतही चित्र फार निराळं नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम भागातल्या साडेतीन हजारांच्या आसपास गर्भवतींची २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली तपासणी आमच्या कामात नेहमी सांगितली जाते. तोंडी उत्तरांवरून २४ टक्के बायका सिगारेट ओढणाऱ्या निघाल्या. रक्तातल्या कोटिनिनवरून, म्हणजे शरीरात निकोटिनचं जे रूपांतर होतं त्यावरून, हाच आकडा ३० टक्क्यांवर गेला. औषधांच्या चाचण्यांमध्ये तर भाग घ्यायला मिळावा म्हणूनही लपवतात. वारंवार चाचण्यांत भाग घेणाऱ्या १०० माणसांना अमेरिकेत विचारलं, तेव्हा तीन चतुर्थांश लोकांनी कबूल केलं की आपल्याला वगळू नये म्हणून कधी ना कधी तब्येतीविषयी काहीतरी दडवलं होतं. नशेचा पदार्थ घेतो हे २० टक्क्यांनी दडवलं होतं. ज्यांच्यावर औषध सुरक्षित आहे की नाही हे ठरणार, त्यांच्या शरीरात आधीच दुसरं काही फिरतंय आणि संशोधकाला पत्ता नाही, हा नुसता आकडेवारीचा घोळ उरत नाही. उद्या ते औषध तुमच्या-माझ्या घरात येणार असतं.

याच्या उलट बाजूही तितकीच खरी. सुईनं नशा करणाऱ्यांवरच्या अनेक अभ्यासांचा आढावा १९९८ मध्ये घेतला गेला, त्यात त्यांची तोंडी उत्तरं बऱ्यापैकी विश्वासार्ह ठरली. ज्यांना समाज सगळ्यात खोटारडे समजतो, ती माणसं नाव फुटणार नाही आणि शिक्षा होणार नाही अशी खात्री पटली की नीट सांगतात. म्हणून ‘व्यसनी खोटं बोलतो’ हे वाक्य मला आळशीपणाचं वाटतं.

मग पुढचा सल्ला ठरलेला असतो : विचारत कशाला बसता, सरळ लघवी तपासा. तपासणीच्या मी विरोधात नाही. तंबाखू सुटल्याचा दावा असेल तर कोटिनिन तपासलंच पाहिजे. पण तपासणीलाही तिच्या मर्यादा आहेत. कोटिनिन तीन-चार दिवसांत उतरतं. तारीख आधी कळली तर आठवडाभर डबी बाजूला ठेवणं मिश्रीवालीला जमतं. उलट तंबाखू खरोखर सोडून निकोटिनची गोळी चघळणारा माणूस याच तपासणीत ‘सापडतो’, कारण निकोटिन तंबाखूतलं की गोळीतलं, हे कोटिनिनला कळत नाही. लघवीतली दारूची खूण दोन-तीन दिवस टिकते. त्याहून जुनं पिणं पकडायचं तर रक्ताची वेगळी, महागडी तपासणी लागते, तीही दोन ते चार आठवडे मागचंच सांगते. गांजाचं उलटं. रोज ओढणाऱ्यानं प्रामाणिकपणे बंद केला तरी लघवीत तो काही आठवडे दिसत राहतो, आणि खरं बोलणारा खोटा ठरतो. केसात मागच्या महिन्यांचा हिशेब सापडतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या दरानं. पण नुकताच तिरुपतीला जाऊन आलेल्या माणसाचा केस आणायचा कुठून?

आणि किती घेतलं, कुणाबरोबर, कशामुळे पुन्हा सुरू झालं, हे बाटलीतला नमुना सांगत नाही. ते माणूसच सांगतो. तपासणी ही उत्तराला जोड म्हणून हवी. पोलिसाचा दंडुका म्हणून ती वापरली, की पुढच्या खेपेला माणूस येतच नाही.

न येणारी माणसं ही तर आकड्यांतली सगळ्यात मोठी पळवाट. समजा, शंभर जणांनी उपचार सुरू केले. सहा महिन्यांनी साठ आले, त्यातल्या पंचेचाळीस जणांनी ‘सोडली’ म्हणून सांगितलं. हे यश ७५ टक्के की ४५? साठानं भागलं तर ७५. पण जे चाळीस आले नाहीत ते काय हिमालयात तपाला बसलेत? तंबाखू सोडवण्याच्या चांगल्या चाचण्यांत संपर्क तुटलेला माणूस पुन्हा पिणारा किंवा खाणारा समजूनच हिशेब करतात. आपल्याकडच्या कित्येक अहवालांत फोन न लागलेली माणसं गुपचूप भागाकारातून गळतात.

मग करायचं काय? माझ्यासारख्या प्रश्न विचारणाऱ्यांच्या अनुभवातून काही गोष्टी सांगते. त्यांना खर्च फार येत नाही, फक्त आधी विचार लागतो.

पहिली गोष्ट, उपचार करणाऱ्यानं निकाल विचारू नये. समुपदेशक वेगळा, फॉर्म भरणारा वेगळा. नवरा, बायको, सासू, मुकादम यांपैकी कुणीही ऐकण्याच्या अंतरावर नको. वाडीवर एकांत मिळत नाही, ही सबब मी खूप ऐकली आहे. गोठा असतो, विहीर असते, रानातला बांध असतो. लिहिता-वाचता येणाऱ्याच्या हातात टॅब द्यावा, न येणाऱ्याच्या कानाला हेडफोन लावून प्रश्न ऐकवावा आणि त्यानं पडद्यावर बोट ठेवावं. अमेरिकेत किशोरवयीन मुलांवर झालेला असा प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात माणसाला तोंडानं न सांगितलेल्या गोष्टी मुलांनी यंत्राला सांगितल्या.

दुसरी, विचारायचं ते त्या माणसाच्या हिशेबात. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या प्रसिद्ध प्रश्नावलीत ‘एका वेळी किती ड्रिंक्स?’ असं विचारलंय. आपल्याकडे एक प्रमाणित ड्रिंक म्हणजे दहा ग्रॅम अल्कोहोल, साधारण तीस मिली व्हिस्की. हा हिशेब फडावर कोण करणार? तिथं ‘नाईंटी’ चालते, ‘क्वार्टर’ चालते, चौघांत एक खंबा चालतो. तेच विचारावं आणि हिशेब आम्ही करावा. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली, जवळपास सहा ड्रिंक्स. ‘महिन्यातून किती वेळा?’ असं विचारलं की ‘कधीतरी’ हे उत्तर पक्कं. कॅलेंडर पुढे ठेवून बाजाराचा दिवस, पगाराचा दिवस, गावची जत्रा, पाहुण्यातलं लग्न असं एकेक विचारत गेलं, की तोच माणूस मोजून अकरा वेळा सांगतो आणि स्वतःच चकित होतो. तंबाखूचंही तसंच. मिश्री, गुटखा, मावा, तपकीर, विडी अशी एकेक नावं घ्यायला हवीत. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी आल्यापासून पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळते. दोन्ही हातावर एकत्र करणारा माणूस ‘गुटखा नाही’ म्हणतो, ते त्याच्या परीनं खरंच असतं.

तिसरी, फारच नाजूक प्रश्न असेल तर नाण्याची युक्ती. अशा पद्धतीची मूळ कल्पना वॉर्नर नावाच्या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये मांडली, तिचं हे सोपं रूप. बाईनं मला न दाखवता नाणं उडवायचं. छापा आला तर काहीही असलं तरी ‘हो’ म्हणायचं, काटा आला तर खरं सांगायचं. आता ‘हो’ म्हणणारी कुठलीही बाई पकडली जात नाही, कारण तिला छापाही आलेला असू शकतो. पण शंभर बायकांत साठ ‘हो’ आले तर त्यातले सुमारे पन्नास नाण्याचे, उरलेले दहा खरे. ते दहा काटा आलेल्या पन्नासांतले, म्हणजे वीस टक्के. एकाही बाईचं गुपित न फोडता आकडा मिळतो. वाडीवरच्या बायकांना ही युक्ती समजत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्यांच्या भिशीचा हिशेब एकदा ऐकावा.

हे सगळं कशासाठी? खोट्या आकड्याची किंमत कुणीतरी मोजतं म्हणून. पाहणीत मिश्री दिसली नाही तर गर्भवतींच्या समुपदेशनात मिश्री येत नाही, आणि उलटीवर मिश्री लावणाऱ्या सुनेला बाळाच्या वजनाशी तिचा संबंध कुणी सांगत नाही. निकामी उपचार ‘७५ टक्के यशस्वी’ म्हणून गाजला, की पुढच्या घरची बाई मंगळसूत्र मोडून नवऱ्याला तिथेच घेऊन जाते.

म्हणून संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिशास्त्र समित्यांना माझी मागणी आहे. संमतिपत्रावर सही आहे का, हे तुम्ही बघताच. त्याबरोबर प्रश्न कोण विचारणार, कुठे विचारणार, उत्तर कुणाला कळणार आणि न आलेल्यांचा हिशेब कसा धरणार, हेही लेखी मागा. त्याशिवाय मंजुरी देऊ नका. संपादकांनी असा आकडा छापताना ही माहिती बातमीत द्यावी, नाहीतर आकडा मथळ्यात घेऊ नये. आणि वाचकहो, ‘इतक्यांनी सोडली’ असं पुढच्या वेळी वाचाल तेव्हा त्या माणसांवर संशय घेऊ नका. त्यांना विचारलं कसं, याचा जाब विचारा.